जिताड्यासाठी रबरी मासा : गढूळ, धुरकट आणि नितळ पाण्यात कोणता, कधी आणि कसा वापरावा

रायगडच्या खाड्यांवर गेल्या काही वर्षांत रॉड-रील घेऊन जिताड्याच्या मागे लागलेली पोरं दिसू लागली आहेत. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट या खाड्यांच्या पुलांवर, जेट्टींवर आणि खारबंदिस्तीच्या बाहेरकाठ्यांवर सुट्टीच्या दिवशी दोन-चार जण तरी उभे असतात. हातात बहुतेक वेळा मऊ रबराचा मासा असतो. त्याला कोणी शॅड म्हणतं, कोणी सॉफ्ट बेट, कोणी नुसतंच ‘रबर’. दिवसभर टाकून हात दुखतात आणि मासा लागत नाही, अशी तक्रार त्यांतल्या बऱ्याच जणांची असते. सामान चांगलं असतं, जागाही चुकीची नसते. बहुतेक वेळा चुकतो तो पाण्याचा अंदाज. नितळ पाण्यात चालणारा रंग, वजन आणि वेग गढूळ पाण्यात चालत नाही आणि उलटही तसंच.

खाडीतलं पाणी रोज बदलतं, काही ठिकाणी दर तासाला बदलतं. ते ओळखून रबरी मासा कसा निवडावा, कसा ओढावा आणि लागलेला जिताडा कसा हाताळावा, याची ही माहिती.

जिताडा शिकार कशी करतो

जिताड्याचं शास्त्रीय नाव लॅटेस कॅल्कॅरिफर. इंग्रजीत त्याला एशियन सीबास किंवा बॅरामुंडी म्हणतात, बंगालात भेटकी, तर तळकोकणात आणि गोव्यात चोणक. इराणच्या आखातापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या खाड्यांत तो सापडतो. खाऱ्या पाण्यात जन्मतो, पिल्लूपणी खाडीत, खाजणात आणि थेट गोड्या पाण्यापर्यंत वर चढतो आणि अंडी घालायला पुन्हा खाडीच्या मुखाकडे उतरतो.

तो पाठलाग करणारा मासा नाही, दबा धरणारा आहे. पुलाचा खांब, जेट्टीची सावली, तिवराची मुळं, उघाडीचं तोंड, बुडालेला ओंडका, दगडाचा बांध अशा आडोशाला तो थांबतो. बोय, कोळंबी, करंदी किंवा निवटी जवळून गेली की तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट आत ओढून घेतो. पृष्ठभागावर शिकार केली तर ‘भॉक’ असा आवाज येतो. खाडीकाठच्या माणसाला तो आवाज ओळखीचा असतो.

शिकार शोधायला तो प्रामुख्याने दोन गोष्टी वापरतो. पहिली म्हणजे डोळे. अंधारात टॉर्च मारली की जिताड्याचे डोळे तांबूस चमकतात, कारण डोळ्याच्या आतल्या थरावरून उजेड परत फेकला जातो. कमी उजेडात दिसायला त्याचा उपयोग होतो. दुसरी म्हणजे अंगावरची बाजूची रेघ. माशाच्या कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी ही रेघ पाण्यातली थरथर टिपते. पण ती जवळचीच थरथर नीट पकडते. त्यामुळे नितळ पाण्यात जिताडा लांबून बघून येतो आणि गढूळ पाण्यात त्याच्या तोंडाजवळून काही गेलं तरच त्याला कळतं. पुढची सगळी निवड या एका गोष्टीवर उभी आहे.

रबरी मासा म्हणजे काय

मऊ रबराचा, माशाच्या आकाराचा हा बेट. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या तलावांत सोडलेल्या ट्राउट माशांवर मोठे बास ताव मारतात हे पाहून तिथल्या गळवाल्यांनी ट्राउटसारखे मोठे बेट बनवायला सुरुवात केली आणि पुढे हा प्रकार जगभर पसरला. ऑस्ट्रेलियात बॅरामुंडीसाठी त्याचा भरपूर वापर होतो. आपल्याकडचा जिताडा तोच मासा असल्याने तिथली पद्धत इथे बरीचशी लागू पडते.

निवडताना चार गोष्टी पाहाव्यात.

शेपटी : शेपटीच्या टोकाला वल्ह्यासारखी चकती असते. चकती मोठी आणि देठ बारीक असेल तर शेपटी जोरात हलते आणि पाण्यात जास्त थरथर उठते. चकती लहान असेल तर हालचाल बारीक आणि खऱ्या माशासारखी होते.

लांबी : खाडीसाठी ३ ते ५ इंच पुरते. बोयीची मोठी झुंड दिसत असेल तर ५ इंची, करंदी-कोळंबीचा हंगाम असेल तर ३ इंची.

डोकं : पुढे शिशाचं डोकं असलेला गळ लावतात, त्याला जिग हेड म्हणतात. ७, १०, १४ आणि २१ ग्रॅम ही वजनं जवळ असली की खाडीत बहुतेक ठिकाणी काम भागतं. वजन पाण्याच्या ओढीवर ठरवायचं. रबर तळाला टेकलेलं हाताला कळलं पाहिजे. कळत नसेल तर वजन कमी पडतंय. टेकल्या टेकल्या गाळात रुतून बसत असेल तर जास्त होतंय.

गळ : ४ ते ५ इंची बेटाला ४/० ते ६/० आकाराचा, जाड तारेचा एकच गळ घ्यावा. बारीक तारेचा गळ मोठा जिताडा सरळ करून टाकतो. तिवराच्या मुळांत टाकायचं असेल तर गळाचं टोक रबराच्या पाठीत दडेल असा गळ वापरावा, म्हणजे अडकत नाही.

रबर गळावर सरळ बसलेलं आहे ना, हे दर वेळी बघावं. जरा वाकडं बसलं तरी पाण्यात ते गरगर फिरतं, दोरीला पीळ पडतो आणि मासा जवळ येत नाही. पहिली फेक पायाजवळच टाकून, ओढून, चाल तपासून घ्यावी.

पाणी कसं ओळखावं

नुसत्या नजरेने पाणी ओळखताना फसगत होते. आभाळ भरलेलं असेल तर नितळ पाणीही काळं दिसतं आणि ऊन असेल तर गढूळ पाणीही चमकतं. त्यासाठी १८६५ मध्ये इटलीतल्या अँजेलो सेकी या शास्त्रज्ञाने साधी युक्ती काढली. एक चकती दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. हीच सेकी चकती आजही मत्स्यशेतीच्या तळ्यांवर वापरतात.

घरी करायची तर जुन्या डब्याचं पांढरं झाकण घ्यावं, खाली वजन बांधावं आणि दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारावी. सावलीच्या बाजूने पाण्यात सोडावं. झाकण दिसेनासं होईपर्यंत किती गाठी गेल्या ते मोजावं. गळासाठी ढोबळमानाने अशी विभागणी पुरते :

- ३० सेंटिमीटरच्या आत दिसेनासं झालं : गढूळ
- ३० सेंटिमीटर ते १ मीटर : धुरकट
- १ मीटरच्या पुढे : नितळ

झाकण जवळ नसेल तर पांढरा रबरी मासाच दोरीला लोंबता पाण्यात सोडून बघावा.

रायगडच्या खाड्यांचा तळ चिखलाचा आहे, त्यामुळे बारा महिने नितळ पाणी इथे मिळत नाही. पण ते कधी मिळेल याचा अंदाज आधी बांधता येतो आणि तो अंदाज तिथीवरून बांधतात.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो, पाणी जोरात धावतं आणि तळाचा गाळ उचलून घेतं. पाणी गढूळ होतं. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाण्याची चढउतार कमी, ओढ मंद, त्यामुळे गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं. उधाण आणि भांग या दोन्हींचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतो, हेही लक्षात ठेवावं.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब अजूनही कामाचा आहे. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू करायची. ही वेळ खाडीच्या मुखाची. नागोठणे, रोहा, महाडच्या बाजूला वर जावं तशी भरती उशिरा पोचते.

आणखी तीन गोष्टी पाण्याचा रंग बदलतात. साधारणपणे पूर्ण भरतीला समुद्राचं पाणी आत आल्याने खाडी त्यातल्या त्यात स्वच्छ असते आणि सुकतीच्या शेवटी सर्वांत गढूळ. दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढला की उथळ भागातला चिखल ढवळला जातो. आणि पावसाळ्यात डोंगरावरून येणारं तांबडं पाणी तिथीचा सगळा हिशोब पुसून टाकतं. पाऊस थांबल्यावर दिवाळीपासून पुढे पाणी हळूहळू निवळू लागतं.

गढूळ पाण्यात

गढूळ पाण्यात जिताडा लांब फिरत नाही. तो आडोशाला चिकटून आणि बऱ्याचदा काठाजवळ असतो, कारण बोयी आणि कोळंबीही काठालाच येतात. म्हणून लांब फेक करण्यात अर्थ नाही. खांबाच्या, दगडाच्या किंवा मुळांच्या हातभर अंतरावरून रबर गेलं पाहिजे. तीन हात लांबून गेलं तर त्याच्यासाठी ते नसल्यासारखंच.

रबर मोठ्या शेपटीचं, ४ ते ५ इंची आणि जाड अंगाचं घ्यावं. थरथर जितकी जास्त तितकं बरं. काही जण रबराच्या पोटात छोटी खुळखुळी घालतात, त्याचाही उपयोग होतो.

रंगाच्या बाबतीत इथे मोठा गैरसमज आहे. पाणी दिसत नाही म्हणून सगळ्यात भडक रंग, असं दुकानात सांगितलं जातं. गाळ आणि पालापाचोळ्याचा अर्क असलेल्या पाण्यात निळा-जांभळा उजेड आधी संपतो आणि पिवळसर-तांबूस उजेड मागे उरतो. म्हणून निळं किंवा चंदेरी रबर अशा पाण्यात मळकट दिसतं. दोनच प्रकार चालतात. एक, काळा, गडद तपकिरी किंवा गडद जांभळा. जिताडा बहुतेक वेळा खालून वर बघतो आणि वरच्या फिक्या उजेडावर गडद रबराची ठसठशीत सावली दिसते. दुसरा, पोपटी-पिवळा किंवा केशरी. हा रंग उरलेल्या उजेडात उठून दिसतो. काळ्या अंगाला पोपटी शेपटी असलेलं रबर मिळालं तर दोन्ही कामं होतात.

ओढ मंद ठेवावी. शेपटी हलत राहील इतक्याच वेगाने रील फिरवावं. सरळ, एका चालीने. गढूळ पाण्यात वेडीवाकडी उड्या मारणारी चाल जिताड्याला सापडत नाही. त्याने थरथर ऐकून झेप घेईपर्यंत बेट पुढे निघून गेलेलं असतं. एकाच जागी दहा-बारा फेका टाकाव्यात. पहिल्या चार-पाच फेका नुसत्या त्याला जागं करायला जातात. एक फेक टाकून पुढच्या खांबाकडे निघणारा माणूस गढूळ पाण्यात रिकाम्या हाताने घरी जातो.

धुरकट पाण्यात

आपल्या खाड्यांत हेच पाणी सर्वांत जास्त दिवस मिळतं आणि रबरी माशासाठी सर्वांत चांगलंही हेच. जिताड्याला बेट दिसतं, पण दोरी, गळ आणि काठावरचा माणूस नीट दिसत नाही.

इथे ४ इंची रबर, मध्यम शेपटी घ्यावी. पांढरा, मोत्याचा, सोनेरी किंवा गडद पाठ आणि फिकं पोट असे रंग चालतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सोनेरी रंग चांगला चमकतो.

ओढण्याची पद्धत ‘उचल आणि सोड’. रबर तळाला टेकू द्यावं. रॉडचं टोक हलकेच वर उचलावं, दोन-तीन वेळा रील फिरवावं आणि पुन्हा पडू द्यावं. पडताना दोरी अगदी सैल सोडू नये, किंचित ताणलेली ठेवावी. जिताडा बहुतेक वेळा बेट खाली पडत असतानाच घेतो. हाताला ‘टक्’ असा एकच ठोका कळतो. दोरी सैल असेल तर तो ठोका कळतच नाही आणि मासा रबर थुंकून टाकतो.

दहा-पंधरा मिनिटांत काही लागलं नाही तर आधी वेग बदलावा, मग खोली, मग लांबी आणि सगळ्यात शेवटी रंग. बरेच जण उलट क्रमाने जातात. डब्यातले सगळे रंग बदलून होतात, पण बेट त्याच वेगाने आणि त्याच खोलीवर फिरत राहतं.

नितळ पाण्यात

नितळ पाण्यात मासा दिसतो म्हणून माणूस खूश होतो, पण मासाही माणसाला बघत असतो. पुलावरची सावली पाण्यावर पडली, जेट्टीवर पाय आपटला किंवा होडीत डबा पडला की जिताडा सरकतो. काठापासून दोन पावलं मागे उभं राहावं, ऊन समोर ठेवावं म्हणजे सावली मागे पडते आणि फेक लांब टाकावी.

रबर ३ ते ४ इंची, बारीक अंगाचं, लहान शेपटीचं. रंग आसपासच्या खऱ्या भक्ष्यासारखा. बोयीसाठी राखाडी पाठ आणि चंदेरी कूस, कोळंबीसाठी अर्धपारदर्शक तपकिरी. भडक पोपटी रबर नितळ पाण्यात मासा जवळ येऊन बघतो आणि वळतो.

वेग जरा वाढवावा आणि मध्येच थांबवावा. वेग जास्त असला की माशाला बारकाईने बघायला वेळ मिळत नाही. थांबलं की जखमी बोयीसारखं ते डोलत खाली जातं आणि तिथेच झेप पडते. दोरीच्या पुढे लावायचा लीडर फ्लोरोकार्बनचा, थोडा बारीक घ्यावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळ. नितळ पाण्यात भर दुपारी जिताडा सावलीतून बाहेर येत नाही. झुंजूमुंजू, दिवेलागण आणि रात्र हीच वेळ. इथे तिथीचा हिशोब कामाला येतो. अष्टमी-नवमीच्या भांगात पाणी निवळलेलं असतं आणि नेमकी पहाटे सहाच्या सुमारास भरती पूर्ण होऊन पाणी उतरू लागतं. निवळलेलं पाणी, कमी उजेड आणि वाहू लागलेली ओहोटी हे तिन्ही एकाच वेळी जुळतात. उधाणाच्या दिवसांत मात्र भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण होते. तेव्हा पहाटे खाडीत सुकती असते आणि पाणीही गढूळ असतं. त्या दिवशी गढूळ पाण्याची तयारी करूनच जावं.

थंडीत, पौष-माघात, पाणी गार झालं की जिताडा सुस्तावतो. पाणी नितळ असलं तरी तेव्हा वेग कमीच ठेवावा आणि बेट तळाजवळून न्यावं.

दोन पाणी भेटतात तिथे

गढूळ आणि स्वच्छ पाणी जिथे भेटतं तिथे खाडीत स्पष्ट रेघ दिसते. ती रेघ म्हणजे जिताड्याची चावडी. गढूळ बाजूला तो लपतो आणि स्वच्छ बाजूने जाणाऱ्या बोयीवर झडप घालतो. उत्तर ऑस्ट्रेलियात पावसाळ्यानंतर पूरमैदानाचं पाणी नद्यांत उतरतं तेव्हा बॅरामुंडीचा मोठा हंगाम याच रेघेवर असतो.

आपल्याकडे ही रेघ उघाडीच्या तोंडाशी तयार होते. पाऊस ओसरताना, भाद्रपद-आश्विनात, खारभातशेतीतलं जादा पाणी ओहोटीला उघाडीतून बाहेर पडतं. त्याच्याबरोबर बारीक मासे आणि कोळंबी वाहून येते आणि जिताडा तोंडाशी वाट बघतो. उघाडी सुटल्यावर सरळ प्रवाहात फेकू नये. प्रवाहाच्या कडेला, जिथे पाणी वळसा घेतं तिथे, गढूळ बाजूला रबर टाकून स्वच्छ बाजूला ओढत आणावं. रंग मधला घ्यावा, पांढरा किंवा गडद पाठीचा सोनेरी.

उघाडीवर जाण्याआधी गावात विचारावं. बऱ्याच उघाड्यांवरच्या मासेमारीचे हक्क गावकीने ठरवून दिलेले असतात आणि उघाडीच्या फळ्यांना हात लावणं म्हणजे कोणाच्या तरी शेतात खारं पाणी सोडणं. बाहेरकाठ्याला खांड पडली तर अख्ख्या खाराचं भात जातं. काठ्याची माती खोदून रॉड रोवू नये, दगड काढून चूल मांडू नये.

दोरी आणि रॉड

साडेसहा ते सात फुटांचा मध्यम-जड रॉड, ३००० ते ४००० आकाराचं रील, २० ते ३० पाउंडाची ब्रेड दोरी. पुढे हात-दोन हात लीडर. जिताड्याला सुरमईसारखे दात नसतात, पण त्याचं तोंड कानसेसारखं खरखरीत असतं आणि कल्ल्याच्या कडा वस्तऱ्यासारख्या. नितळ, मोकळ्या पाण्यात ३० ते ४० पाउंडाचा लीडर पुरतो. गढूळ पाण्यात, कालवं चिकटलेल्या खांबांजवळ, ५० ते ६० पाउंडाचा लावावा. प्रत्येक माशानंतर लीडर बोटांतून फिरवून बघावा. खरखर लागली की तेवढा तुकडा कापून नव्याने गाठ मारावी.

फाटलेलं रबर पाण्यात टाकू नये. ते कुजत नाही, फुगतं आणि माशाच्या पोटात गेलं तर तिथेच अडकतं. खिशात टाकून घरी आणावं.

मासा लागल्यावर

ठोका कळला की लगेच हिसका देऊ नये. रील फिरवून दोरी ताठ करावी आणि मग रॉड बाजूला जोराने ओढावा. जिताडा पहिली धाव आडोशाकडे घेतो, तिथेच त्याला अडवावं लागतं. मग तो पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो. तेव्हा रॉडचं टोक खाली, पाण्याकडे ठेवावं. वर धरलं तर उडीच्या झटक्यात गळ सुटतो.

हात कल्ल्यात घालू नये. बोट उभं चिरतं. जाड हातमोजा घालून खालचा जबडा धरावा आणि दुसरा हात पोटाखाली द्यावा. मोठा मासा नुसत्या जबड्याने उभा टांगला तर त्याच्या मानेला आणि आतल्या अवयवांना इजा होते, मग तो सोडला तरी जगेल याची खात्री नसते.

मोठा जिताडा सोडावा, तो का

जिताड्याच्या बाबतीत एक गोष्ट खाडीकाठच्याही अनेकांना ठाऊक नसते. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि नंतर मादी होतात. साधारण तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो. पुढे काही वर्षांनी, लांबी ८५ ते १०० सेंटिमीटरच्या आसपास गेली की त्याची मादी होते. म्हणजे खाडीतला सर्वांत मोठा मासा जवळपास नेहमी मादीच असतो आणि एक मोठी मादी अंडी घालते ती कोटीच्या घरात.

दुसऱ्या टोकाला, वीतभर जिताडा मारला तर तो एकदाही वीण न करता संपतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात म्हणूनच दोन्हीकडून मर्यादा आहे. ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅरामुंडी ठेवता येत नाही.

चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं बीज कृत्रिमरीत्या तयार करण्यात यश मिळवलं, तरी खाडीतला जिताडा खाडीतल्याच विणीवर उभा आहे. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात शहापूर-धेरंडसारख्या गावांत घरच्या तळ्यात जिताडा वाढवायची जुनी रीत आहे. पाहुणा आला, जावई आला की तळ्यातला जिताडा काढायचा. त्या तळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या बीज आलं ते पावसाळ्यात खाजणात चढणाऱ्या पिल्लांचंच. खाडीच्या मुखाशी माद्या उरल्या नाहीत तर वर खाजणात पिल्लू चढणार कुठून?

रबरी माशाचा इथे एक फायदा आहे. एकच गळ असतो आणि तो बहुतेक वेळा जबड्याला लागतो. पक्कडीने गळाचा उलटा काटा आधीच चेपून ठेवला तर मासा पाण्यातच ठेवून सोडवता येतो. मधल्या आकाराचा एखादा घरी न्यावा, लहान आणि अंगाने थोराड असे दोन्ही सोडावेत. सोडताना डोकं प्रवाहाकडे करून, कल्ले हलू लागेपर्यंत हलकेच धरून ठेवावं. तो स्वतः झटका देऊन निघाला की समजावं, जगला.

जीव सांभाळून

खाडीतला चिखल मांडीपर्यंत धरतो आणि भरती पाठीमागून, ओहोळातून येते. परतीची वाट कोणत्या ओहोळातून आहे ते आधी बघून ठेवावं. एकट्याने जाऊ नये. होडीत लाइफ जॅकेट अंगात असावं, बाकाखाली नको. धरमतर खाडीत बार्जची ये-जा असते, त्यांच्या लाटेने छोटी होडी उलटू शकते. कालवाने किंवा माशाच्या काट्याने कापलं तर जखम तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. सूज चढली तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं.

पावसाळी मासेमारी बंदी यांत्रिक नौकांना लागू असते आणि तिच्या तारखा दरवर्षी जाहीर होतात. इंजिनाची होडी असेल तर त्या बघूनच निघावं. बेट अडकलं म्हणून कांदळवनाची फांदी तोडू नये, तो गुन्हा आहे. कोणी पाग टाकत असेल तर त्याचं होईपर्यंत थांबावं. गळवाल्याला तो छंद असतो, पागवाल्याच्या घरची संध्याकाळची चूल त्यावर असते.

थोडक्यात

- गढूळ (३० सेंटिमीटरच्या आत) : ४ ते ५ इंची, मोठी शेपटी, काळा किंवा पोपटी-पिवळा, मंद आणि सरळ ओढ, आडोशाला खेटून, एकाच जागी अनेक फेका, ५० ते ६० पाउंडाचा लीडर.
- धुरकट (३० सेंटिमीटर ते १ मीटर) : ४ इंची, मध्यम शेपटी, पांढरा किंवा सोनेरी, उचल आणि सोड, पडताना दोरी किंचित ताठ.
- नितळ (१ मीटरच्या पुढे) : ३ ते ४ इंची, बारीक शेपटी, बोयीचा किंवा कोळंबीचा रंग, लांब फेक, वेग आणि थांबा, पहाट किंवा रात्र, ३० ते ४० पाउंडाचा लीडर.
- रात्री कोणत्याही पाण्यात : काळं रबर, मंद ओढ, दिव्याच्या उजेडाची कड जिथे संपते तिथे.
- उधाणात गढूळ पाण्याची तयारी, भांगात नितळ पाण्याची. निघण्याआधी तिथीची पाऊणपट करावी.